नाशिकहून जर्मनीला, लहान मुलं घेऊन: आधी काय, नंतर काय

जर्मनीला निघालेल्या कुटुंबाचा पहिला प्रश्न हमखास सामानाचा असतो. कुकर न्यायचा का, काळा मसाला किती, स्वेटर इथूनच घ्यायचे की तिथे? सामानात काहीही राहिलं तरी आठवड्याभरात त्याची सोय होते. पण मुलाच्या जन्मदाखल्यात घोळ असेल किंवा तिथल्या बालवाडीचा अर्ज उशिरा गेला असेल, तर पुढचे कित्येक महिने घराची घडी बसत नाही. म्हणून या लेखात सामान जवळजवळ शेवटी येईल. त्याआधी कागद, मग घर, मग मुलांची शाळा.

जर्मनीच का, हे नाशिककरांना फार समजावून सांगायला नको. सातपूरला बॉशचा कारखाना आहे आणि जुनी माणसं त्याला अजूनही मायको म्हणतात, चौकाचं नावसुद्धा मायको सर्कलच. इथे मी असं धरून चाललोय की घरातल्या एकाला तिकडे नोकरी मिळाली आहे, ब्लू कार्डवर (उच्चशिक्षितांना नोकरीसाठी मिळणाऱ्या युरोपीय परवान्यावर) जाणं होणार आहे, आणि मुलं सात-आठ वर्षांच्या आतली आहेत.

नावं जुळवणं

हे काम सगळ्यात कंटाळवाणं, आणि सगळ्यात आधी करायचं. एका मोठ्या कागदावर घरातल्या प्रत्येकाचं नाव, पासपोर्ट, जन्मदाखला, लग्नाचा दाखला आणि डिग्रीवर जसं आहे तसं, अक्षर न अक्षर उतरवून काढा. मग ओळी एकमेकींशी ताडून पाहा.

आपल्याकडे गडबड कुठे होते ते सांगतो. समजा मुलगी सई. तिच्या पासपोर्टवर ‘सई प्रशांत’ एका रकान्यात आणि ‘देवरे’ दुसऱ्यात. जर्मन कचेरी ‘सई प्रशांत’ हे अख्खं तिचं पहिलं नाव धरते आणि सगळी पत्रं त्याच नावाने येतात. ऐकायला विचित्र वाटतं, पण त्याने काही अडत नाही. अडतं आईच्या नावाशी. तिच्या पासपोर्टवर मनीषा प्रशांत देवरे, डिग्रीवर मनीषा अशोक निकम, आणि मुलीच्या जन्मदाखल्यात आईचं नाव नुसतं मनीषा. आपल्याला यात काही खटकत नाही. समोरच्या जर्मन कर्मचाऱ्याला मात्र या तीन वेगळ्या बायका दिसतात. या तिघींना जोडणारा कागद म्हणजे लग्नाचा दाखला. लग्न नोंदवलेलं नसेल तर महापालिकेत आधी ते काम उरका.

दुसरी अडचण खास आपली: पहिलं बाळंतपण माहेरी. जन्माची नोंद बाळ जिथे जन्मलं तिथे होते. त्यामुळे घर गंगापूर रोडला असलं तरी दाखला मालेगाव महापालिकेचा किंवा एखाद्या ग्रामपंचायतीचा असू शकतो, आणि दुरुस्तीसाठी फेऱ्याही तिथेच माराव्या लागतात. काही दाखल्यांवर बाळाच्या नावाची जागा कोरीच असते, कारण नोंद झाली तेव्हा बारसंच झालेलं नव्हतं. नाव नंतर घालून मिळतं, पण त्यासाठी वेळ हाताशी ठेवा. प्रत्येक मुलाच्या दाखल्याच्या दोन-तीन मूळ प्रती काढून घ्या. झेरॉक्सवर तिकडे भागत नाही.

महाराष्ट्रातले दाखले मराठी-इंग्रजी असतात हे बरं आहे. तरी काही जर्मन कचेऱ्या इंग्रजी चालवून घेतात आणि काही सरकारमान्य भाषांतरकाराने केलेलं जर्मन भाषांतर मागतात. दाखले प्रमाणित कसे करायचे याबाबत ओळखीच्यांचं ‘आमच्या वेळी असं होतं’ ऐकू नका. महाराष्ट्र मुंबईच्या जर्मन वाणिज्य दूतावासाच्या कार्यक्षेत्रात येतो. तुम्ही अर्ज कराल त्या दिवशी त्यांच्या यादीत जे लिहिलं असेल तेवढंच खरं.

पासपोर्ट आणि व्हिसा

लहान मुलांचा पासपोर्ट पाच वर्षांचा असतो, त्यामुळे आधी काढून ठेवला असेल तर मुदत तपासा. १ ऑक्टोबर २०२३ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांना जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच लागतो, दुसरं काही चालत नाही. चार वर्षांखालच्या मुलाचा पांढऱ्या पार्श्वभूमीचा फोटो काढूनच पासपोर्ट सेवा केंद्रात जा. मोठ्यांचे फोटो तिथे काढतात, बाळाचा आपण न्यायचा.

व्हिसा प्रत्येकाचा वेगळा, दोन महिन्यांच्या बाळाचासुद्धा. मुलांच्या अर्जावर आई-वडील दोघांच्या सह्या लागतात. नोकरी असलेला आधीच तिकडे गेला असेल तर तो सह्या करून आणि संमतीपत्र ठेवूनच गेला पाहिजे, नाहीतर एका सहीसाठी कुरिअरची वाट बघत बसावं लागतं. ब्लू कार्डवाल्याच्या जोडीदाराला व्हिसासाठी जर्मनची परीक्षा द्यावी लागत नाही, आणि तिकडे गेल्यावर नोकरी करायलाही मोकळीक असते. या सवलतीचा उलटा परिणाम असा होतो की जोडीदार जर्मनचा एक शब्दही न शिकता निघतो. पुण्या-मुंबईला मॅक्सम्युलर भवन आहे, घरबसल्या ऑनलाइन वर्ग आहेत. ए-वन या अगदी पहिल्या पातळीपुरतं तरी इथूनच शिकून जा. बालवाडीच्या दारात त्याचा उपयोग होतो.

मुलांच्या डॉक्टरांकडे एक फेरी

निघण्याच्या महिनाभर आधी मुलांच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे जा आणि लसीकरणाची पूर्ण नोंद इंग्रजीत, तारखांसकट, सही-शिक्क्यासह लिहून घ्या. आपल्या फाइलीत नुसत्या टिका आणि लसीच्या डबीवरची चिकटवलेली लेबलं असतात. तिकडच्या डॉक्टरला त्यातून अर्थ लागत नाही.

यातली गोवराची नोंद सगळ्यात महत्त्वाची. १ मार्च २०२० पासून जर्मनीत कायदा आहे: बालवाडीत किंवा शाळेत प्रवेश घेणाऱ्या मुलाची गोवराची लस झालेली असल्याचं दाखवावं लागतं. वयाच्या पहिल्या वर्षानंतर एक डोस, दुसऱ्या वर्षानंतर दोन. आपल्याकडे पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर आणि दुसरा दीड वर्षाच्या आसपास दिला जातो. दुसरा राहिला असेल तर इथेच उरका. बीसीजी, म्हणजे क्षयाची लस, जर्मनीत आता सरसकट देत नाहीत. मुलाच्या दंडावरचा तो व्रण बघून तिथली परिचारिका हे काय म्हणून विचारेल. कधी क्षयाची त्वचाचाचणी झालीच तर बीसीजीमुळे तिचा निकाल फसवा येऊ शकतो, म्हणून बीसीजीची तारीख नोंदीत हवीच.

शाळकरी मुलाचा शाळा सोडल्याचा दाखला आणि गेल्या दोन वर्षांची प्रगतिपुस्तकं बरोबर ठेवा.

नाशिकमधले धागेदोरे

हे पटकन सांगतो, कारण यात अवघड काही नाही, फक्त आठवण राहत नाही. परदेशात राहायला गेल्यावर इथलं साधं बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयाचं खातं, करून घ्यावं लागतं. फ्लॅट भाड्याने द्यायचा असेल किंवा गावाकडे जमिनीचं काही चालू असेल, तर विश्वासातल्या माणसाच्या नावाने मुखत्यारपत्र इथे असतानाच करा. तिकडून तेच काम दसपट किचकट होतं. घरपट्टी, पाणीपट्टी आणि विजेची बिलं कोण भरणार ते ठरवा. बँकेच्या ओटीपीचा मोबाइल नंबर चालू राहील अशी सोय करा. गाडी चालवायची असेल तर पेठ रोडच्या आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढा. जर्मनीत वास्तव्य सुरू झाल्यापासून सहा महिने आपलं लायसन्स चालतं, मग तिथली परीक्षा.

सगळ्यांनी एकदम जायचं का?

माझं मत स्पष्ट आहे: शक्य असेल तर नोकरीवाल्याने सहा ते आठ आठवडे पुढे जावं. एकदम जाण्यात भावनिक समाधान आहे हे मान्य. पण हॉटेलच्या किंवा तात्पुरत्या एका खोलीत दोन मुलं, बाहेर थंडी, एक जण नव्या कामात बुडालेला आणि दुसऱ्याला भाषा येत नाही, असे महिने काढले की घरातलं बोलणंच भांडणाचं होतं.

पुढे गेलेल्याचं पहिलं काम घर. तिथे जाहिरातीत भाड्याचे दोन आकडे दिसतात: एक नुसत्या जागेचं ‘थंड’ भाडं आणि दुसरं हीटिंग, पाणी वगैरे धरून ‘गरम’ भाडं. हिशोब गरम भाड्यावर करा. अनामत जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या थंड भाड्याइतकी, तसा कायदाच आहे. घर न बघता अनामत पाठवा म्हणणारा माणूस फसवणारा असतो, कितीही गोड इंग्रजीत लिहो. पुष्कळ घरांत स्वयंपाकघर म्हणजे चार भिंती आणि पाण्याचा नळ एवढंच असतं. ओटा, सिंक, शेगडी सगळं आधीचा भाडेकरू घेऊन गेलेला असतो. हे ऐकून इकडच्या सासूबाईंचा विश्वास बसत नाही, पण खरं आहे.

तात्पुरतं घर घेतानाही एक गोष्ट मालकाला आधी विचारा: इथला पत्ता नोंदवता येईल का? कारण पुढचं सगळं त्यावर अडतं.

पत्त्याची नोंद आणि टपालपेटी

घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत स्थानिक कचेरीत पत्ता नोंदवायचा असतो. त्याला आनमेल्डुंग म्हणतात. घरमालकाचं लेखी पत्र, सगळ्यांचे पासपोर्ट, लग्नाचा दाखला, मुलांचे जन्मदाखले लागतात. मोठ्या शहरांत या भेटीची वेळ मिळायलाच आठवडे जातात, तेव्हा घराचा करार झाल्या दिवशीच वेळ घेऊन टाका. सकाळी लवकर कचेरीचं पान उघडलं तर रद्द झालेल्या वेळा सापडतात. लग्नाचा दाखला इथे दाखवला नाही तर तुमची नोंद अविवाहित म्हणून होऊ शकते, आणि मग पगारातून कर जास्त कापला जातो.

नोंद झाली की पुढचं सगळं टपालाने येतं: कर क्रमांक, विम्याचं कार्ड, बँकेचा पिन, कचेऱ्यांची पत्रं. आणि इथे आपली माणसं फसतात. इमारतीच्या तळमजल्यावर पत्र्याच्या पेट्यांची रांग असते. पेटीवर आणि दाराच्या बेलपाशी आडनाव लिहिलेलं असतं. तिकडे फ्लॅटला नंबर नसतो, पोस्टमन आडनाव बघून पत्र टाकतो. पेटीवर तुमचं आडनाव नसेल तर पत्र परत जातं आणि तुम्हाला कळतही नाही. घराची किल्ली मिळाली त्याच संध्याकाळी कागदाच्या पट्टीवर ठळक अक्षरात आडनाव लिहा आणि चिकटपट्टीने दोन्हीकडे लावा. पितळी पाटी नंतर करता येईल. बायकोच्या पासपोर्टवर माहेरचं आडनाव असेल तर तेही लिहा.

व्हिसाची मुदत संपण्याआधी परदेशी नागरिकांच्या कचेरीत राहण्याच्या परवान्याचा अर्ज करावा लागतो, मुलांचाही. तिथली वाट आणखी लांब. दिरंगाई त्यांची असली तरी अर्ज मुदतीत केल्याचा पुरावा तुमच्याकडे हवा. ईमेल जपून ठेवा.

किटा: खरी परीक्षा

किटा म्हणजे तिथली बालवाडी आणि पाळणाघर एकत्र. १ ऑगस्ट २०१३ पासून एक वर्ष पूर्ण झालेल्या प्रत्येक मुलाला जागेचा कायदेशीर हक्क आहे. प्रत्यक्षात शहरांत जागा कमी आणि यादी लांब. बहुतेक शहरांचं ऑनलाइन अर्जाचं पान असतं. नोकरीचं पत्र हातात पडलं की नाशिकमध्ये बसूनच ते शोधा आणि पत्ता नसतानाही जे भरता येईल ते भरून ठेवा. अर्जावर विसंबून राहू नका. जवळच्या पाच-सहा किटांना मुलाचं नाव, वय आणि कधीपासून जागा हवी हे लिहून छोटा ईमेल पाठवा, जर्मनमध्ये, साध्या वाक्यांत. महिन्याने पुन्हा पाठवा. तिथे हे चिकटपणाचं समजत नाहीत. जागा मिळालीच नाही तर बालकल्याण कचेरीकडे, म्हणजे युगेंडआम्टकडे जा. घरी चार-पाच मुलं सांभाळणाऱ्या परवानाधारक बायकांची यादीही त्यांच्याकडे असते. तीन वर्षांखालच्या मुलासाठी तो पर्याय मला कित्येकदा किटापेक्षा बरा वाटतो. फीचं प्रमाण राज्याराज्यात फार वेगळं आहे: बर्लिनमध्ये फी नाही, जेवणाचे थोडे पैसे द्यावे लागतात, तर इतर ठिकाणी उत्पन्नानुसार बऱ्यापैकी रक्कम जाते.

आता सगळ्यात अनोळखी भाग. आपल्याकडे जूनमध्ये प्लेग्रुपच्या फाटकाशी मूल रडत असतं, बाई त्याला कडेवर घेऊन आत जातात आणि आपण पाठमोरे होऊन स्कूटर चालू करतो. दोन दिवसांत होईल सवय, असं म्हणतो. जर्मनीत असं चालत नाही. तिथे मुलाला रुळवण्याची ठरलेली पद्धत आहे. पहिले तीन दिवस आई किंवा बाबा मुलाबरोबर वर्गातच बसतात, तासभरच. कोपऱ्यात एका बुटक्या खुर्चीवर, गुडघे हनुवटीशी आणून. मुलाबरोबर खेळायचं नाही, फोन काढायचा नाही, नुसतं असायचं. मूल येऊन मांडीला टेकलं तर टेकू द्यायचं, त्याला पुढे ढकलायचं नाही. चौथ्या दिवशी निरोप घेऊन काही मिनिटं बाहेर जायचं. लपून नाही, सांगून. मुलगा बाईंकडून समजूत काढून घेतो का, यावर पुढचा वेळ ठरतो: अर्धा तास, मग जेवणापर्यंत, मग दुपारच्या झोपेपर्यंत. यात दोन-तीन आठवडे सहज जातात, कधी जास्त. त्या काळात आई-बाबांपैकी एकाला सकाळची नोकरी करता येत नाही, हे आधीच धरा. दोघांनी एकाच तारखेला रुजू व्हायचं ठरवून आलेल्यांची इथे फार ओढाताण होते.

पहिल्याच दिवशी सामानाची यादी मिळते. घरातल्या चपला, बदलायचे कपडे, पावसाचा गमबूट आणि रबरी चिखलपँट. ही पँट म्हणजे पट्ट्यांची, छातीपर्यंत येणारी. पाऊस असो, हिमकण पडोत, मुलांना रोज बाहेर सोडतात आणि ती चिखलात लोळून येतात. ‘सर्दी होईल’ म्हणून चिठ्ठी पाठवू नका, तिथे हा मुद्दाच कोणाला कळत नाही. आपण निफाडला पारा पाच-सहावर गेल्याचं कौतुकाने सांगतो. पण निफाडला दुपारी ऊन असतं. तिकडे डिसेंबरात चार-साडेचारला अंधार पडतो. एक जाड स्वेटर पुरत नाही, कपड्यांचे तीन पातळ थर लागतात, आणि ते तिथेच घ्यावेत. लहान मुलांचे वापरलेले कपडे विकण्याचे बाजार भरतात. चांगली चिखलपँट तिथे अगदी थोड्या पैशांत मिळते.

शाकाहारी असाल तर किटाला लेखी कळवा, आणि गोळ्यांचंही लिहा. वाढदिवसाला वाटतात त्या मऊ रंगीत अस्वलाच्या गोळ्यांत बहुधा जनावरांचं जिलेटिन असतं, पुष्कळदा डुकराचं. अंडं चालतं की नाही तेही स्पष्ट लिहा, कारण केक दर आठवड्याला कोणाचा तरी असतोच.

पहिलीत की परत बालवाडीत?

मुलाने सहा वर्षं कोणत्या तारखेआधी पूर्ण करायची ते राज्यानुसार ठरतं, ३० जून ते ३० सप्टेंबरच्या दरम्यान. त्यामुळे नाशिकमध्ये पहिलीत बसलेलं मूल तिकडे पुन्हा किटात जाऊ शकतं. आजोबा फोनवर ‘वर्ष वाया गेलं’ म्हणतील. म्हणू द्या. सिनिअर केजीत वहीची पानं भरणाऱ्या मुलाला तिकडे वर्षभर कात्री, चिखल आणि झाडावर चढणं मिळतं, आणि तेवढ्यात भाषाही येते. मला यात तोटा दिसत नाही.

शाळेत जाणाऱ्या मुलाला भाषा येत नसेल तर बऱ्याच ठिकाणी वेगळा भाषावर्ग असतो. चौथीनंतर (बर्लिन आणि ब्रांडेनबुर्गमध्ये सहावीनंतर) मुलांच्या शाळा गुणवत्तेनुसार वेगळ्या होतात. दुसरी-तिसरीत आलेल्या मुलाच्या आई-बापांनी हे पहिल्या वर्षीच समजून घ्यावं.

आणि सुट्ट्या. जर्मनीत शाळेला जाणं हे कायद्याने सक्तीचं आहे. दिवाळीला आठ दिवस आधी निघून आलो, असं करता येत नाही. विनापरवानगी गैरहजेरीला दंड होतो, आणि सुट्टी लागण्याच्या आदल्या दिवशी विमानतळावर पोलिस शाळकरी मुलांच्या पालकांना हटकतात अशीही उदाहरणं आहेत. उन्हाळी सुट्टी सहा आठवड्यांच्या आसपास, तारखा राज्यागणिक वेगळ्या. म्हणजे नाशिकला येणं होणार ते भर पावसाळ्यात. २०२७ च्या सिंहस्थाची मुख्य स्नानं ऑगस्ट-सप्टेंबरात आहेत, त्या उन्हाळ्याची तिकिटं आणि गाड्या फार आधी बघाव्या लागतील.

ताप आला तर

सरकारी आरोग्यविम्यात कमावत्याच्या हप्त्यावरच मुलं आणि न कमावणारा जोडीदार येतात, वेगळे पैसे नाहीत. पोहोचल्या आठवड्यातच मुलांचा डॉक्टर शोधा. पुष्कळ दवाखाने नवे पेशंट घेत नाहीत, म्हणून मूल बरं असतानाच नाव नोंदवून ठेवा. तिथे प्रत्येक मुलाची एक पिवळी वही असते. जन्मापासून शाळेपर्यंतच्या ठरलेल्या तपासण्या तिच्यात नोंदवतात, आणि किटा ती बघायला मागतं. बाळ वर्ष-दीड वर्षाच्या आतलं असेल तर ड जीवनसत्त्वाबद्दल विचारा, ते तिथे सर्रास देतात.

कॉलेज रोडच्या दवाखान्यात ताप दाखवला की तीन बाटल्या हातात पडतात. तिकडे ‘पाणी पाजा, आराम करू द्या’ सांगून घरी पाठवतात, आणि अँटिबायोटिक सहजासहजी मिळत नाही. डॉक्टर लक्ष देत नाही असा ग्रह करून घेऊ नका. श्वास, पाणी पिणं, लघवी आणि सुस्ती यांवर ते काय विचारतात ते ऐका, तेच घरी बघायचं असतं. जिवावरचं असेल तर ११२. दवाखाने बंद असताना साधा डॉक्टर हवा असेल तर ११६११७. दोन्ही नंबर फ्रिजवर लावा.

ताप असलेलं मूल किटा घेत नाही, तासाभरात न्यायला बोलावतात. सरकारी विमा असलेल्या आई-बाबांना प्रत्येकी, प्रत्येक मुलामागे वर्षाला १५ दिवस आजारी मुलासाठी रजा मिळते, २०२४ पासून. पगाराचा मोठा भाग विमा कंपनी देते. डॉक्टरची चिठ्ठी मात्र पहिल्या दिवसापासून लागते.

पैशांचं थोडक्यात

मुलांसाठी महिन्याला किंडरगेल्ड, म्हणजे सरकारी बालभत्ता, मिळतं, २०२५ साली ते एका मुलामागे २५५ युरो होतं. अर्जाला कर क्रमांक लागतो आणि मागचे फक्त सहा महिने भरून मिळतात, म्हणून लांबवू नका. दर घरामागे १८.३६ युरो महिना रेडिओ-टीव्हीची वर्गणी येते. टीव्ही नसला तरी येते, पत्र फेकू नका. आणि गाडीत बारा वर्षांखालच्या आणि १५० सेंटीमीटरपेक्षा बुटक्या मुलाला योग्य खुर्ची सक्तीची, टॅक्सीतसुद्धा. विमानतळावर घ्यायला येणाऱ्याला हे आधी सांगा.

आता सामान

आधी काय न्यायचं नाही ते. बाहेरच्या देशातून मांस आणि दुधाचे पदार्थ युरोपीय संघात सामानातून नेता येत नाहीत. म्हणजे घरचं तूप, पेढे, बर्फी, पनीर बाद. ताजी फळं-भाज्याही बहुतेक बाद, रोपप्रमाणपत्राशिवाय चालत नाहीत: द्राक्षं, आंबे, कढीपत्ता. नारळ, केळी, खजूर, अननस आणि डुरियन एवढीच ताजी फळं सुटलेली आहेत. पिंपळगावची द्राक्षं जहाजाने युरोपात रीतसर जातात, पण तुमच्या पिशवीतून नाही. मनुका न्या. तुपाचं दुःख करू नका, तिथलं लोणी कढवलं की उत्तम तूप होतं.

चिवडा, पापड, कुरडया, काळा आणि गोडा मसाला, हळद, हिंग न्या. पोळपाट-लाटणं न्या. तूरडाळ आणि पोहे भारतीय दुकानांत मिळतात, मसूरडाळ तर साध्या सुपरमार्केटातही. पोळ्यांसाठी तिथल्या पांढऱ्या मैद्यासारख्या पिठाशी झगडू नका, भारतीय दुकानातून कणकेचं पोतं आणा. वीज आपल्यासारखीच २३० व्होल्टची, फक्त आपली तीन पिनांची जाड प्लग तिथे बसत नाही. मिक्सर न्यायचा तर चालेल. कुकरआधी शेगडी कोणती ते विचारा. इंडक्शन असेल तर ॲल्युमिनियमचा कुकर त्यावर तापणारच नाही.

फोडणीबद्दल एक सूचना. झोपायच्या खोल्यांत आणि बोळात धुराची घंटी बसवलेली असते, कायद्याने. स्वयंपाकघराचं दार लावून आणि खिडकी उघडूनच मोहरी टाका. हिवाळ्यात वरणाच्या वाफेने भिंतींना बुरशी येते आणि मालक अनामतीतून पैसे कापतो. दिवसातून तीन-चार वेळा खिडक्या पाच-दहा मिनिटं सताड उघडा, मग बंद करा. नुसती फट ठेवून उपयोग नाही. मिक्सर आणि धुलाई यंत्र रात्री दहानंतर आणि रविवारी नाही. रविवारी दुकानंही बंद, म्हणून दूध शनिवारीच आणा. फटाके फक्त ३१ डिसेंबरच्या रात्री उडवता येतात. दिवाळीला पणत्यांवर भागवा.

प्रवासासाठी: इगतपुरीपासून आमणेपर्यंतचा समृद्धीचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ ला खुला झाल्यापासून कसारा घाट टाळून जाता येतं. भिवंडी-ठाण्याची कोंडी मात्र आहे तिथेच आहे. रात्रीचं विमान असेल तरी दुपारी निघा.

घरी राहणाऱ्याचं काय

मुलं रुळतात. नोकरीवाल्याला ऑफिस असतं. खरं एकटेपण येतं ते घरी राहणाऱ्याच्या वाट्याला, आणि ती बहुतेक वेळा आई असते. इथे नोकरी करत होती, शेजारी आई-सासू होत्या. तिकडे नोव्हेंबरात दुपारी साडेचारला खिडकीबाहेर काळोख आणि आत दोन मुलं. याचा बंदोबस्त जाण्याआधीच ठरवा: किटाची जागा मिळाली की तिचा भाषावर्ग सुरू, आणि ते खर्चाच्या यादीत वरच्या ओळीत. सरकारी एकात्मता अभ्यासक्रमात साधारण ६०० तास भाषा आणि १०० तास तिथल्या कायदा-समाजाची ओळख असते. वर्गात सीरिया, युक्रेन, ब्राझीलची माणसं असतात, आणि मैत्री तिथेच जुळते. मोठ्या शहरांत महाराष्ट्र मंडळंही आहेत. गणपतीला जरूर जा. पण फक्त मराठी माणसांतच राहिलात तर दोन वर्षांनीही किटाची चिठ्ठी फोनवर भाषांतर करूनच वाचाल.

घरात मराठीच बोला. तुमचं मोडकं जर्मन मुलांना ऐकवू नका, ती ते बाहेरून चांगलं शिकतील. सुरुवातीला मूल किटात काही महिने गप्प राहतं, बाई काळजी करत नाहीत, तुम्हीही करू नका. वेळेचं गणित असं: उन्हाळ्यात आपण साडेतीन तास पुढे, हिवाळ्यात साडेचार. नाशिकला रात्रीचे आठ वाजले की तिकडे साडेचार किंवा साडेतीन. आजीच्या गोष्टीला ती वेळ ठरवून टाका.

आजी-आजोबांना बोलवायचं तर शेंगेन व्हिसावर (युरोपातल्या बऱ्याच देशांच्या सामायिक अल्पमुदतीच्या व्हिसावर) १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं, आणि किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. वय वाढतं तसा हप्ता वाढतो, आणि आधीच्या दुखण्यांना तो विमा बहुधा लागू होत नाही, म्हणून बारीक अक्षर वाचा. बीपी-शुगरची तीन महिन्यांची औषधं डॉक्टरच्या चिठ्ठीसह, हातातल्या पिशवीत. खर्चाची हमी तुम्हीच देणार असाल तर तिकडच्या परदेशी नागरिकांच्या कचेरीतून तसं पत्र घ्यावं लागतं, त्याचीही वेळ आधी घ्या. बोलवा ते मे-जूनमध्ये. रात्री नऊपर्यंत उजेड असतो, आजोबांना बाकावर बसायला मिळतं आणि मुलाला किटातून आणायला आजी स्वतः चालत जाऊ शकते. फक्त किटाच्या कागदावर तिचं नाव आधी लिहून द्या, नाहीतर मुलाला तिच्या हाती सोपवत नाहीत.